नापास यादीतला स्फटिक: नाशिकमधल्या एका एमएस्सी प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

ज्या संयुगाबद्दल लिहितो आहे ते आमच्या यादीत नापास झालं होतं. निओबियम, कोबाल्ट आणि अँटिमनी, तिन्ही समसमान. संगणकाने त्याच्यापुढे 'धातू, बँड गॅप शून्य' (म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पातळ्यांमध्ये मोकळी फट नाही) असं लिहिलं आणि आमच्याच प्रोग्रामने ते दुसऱ्या फाइलमध्ये ढकललं. त्या फाइलचं नाव विद्यार्थिनीने 'नापास' असंच ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी ती एक शोधनिबंध घेऊन आली. त्यात हेच संयुग भट्टीत बनवलेलं होतं, तापवून मोजलेलं होतं आणि उष्णतेपासून वीज करण्याच्या कामी ते चालत होतं.

"सर, आपलं चुकलं की त्यांचं?" तिने विचारलं.

पुढचे अडीच महिने या एका प्रश्नात गेले. ऊर्जेसाठी लागणारे नवे पदार्थ आता आधी संगणकावर शोधतात, हे पुष्कळांच्या कानावर आलेलं असतं. पण ही चाळण नेमकी कुठे फसते आणि फसली की हाताशी काय उरतं, हे एका उदाहरणातून शेवटपर्यंत सांगितलेलं मराठीत माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून ही हकिगत सविस्तर लिहितो.

अंबडची भट्टी

विद्यार्थिनी सिडकोत राहते. तिचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्टीवर ऑपरेटर आहेत. गाड्यांचे गिअर आणि शाफ्ट ९०० अंशांच्या वर तापवायचे, त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरू द्यायचा आणि मग तेलात बुडवायचे, हे त्यांचं काम. प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "सर, बाबा सांगतात की धुराड्याजवळ उभं राहवत नाही इतकी धग असते. ती सगळी फुकट जाते. तिच्यावर काही करता येईल का?"

मी एका दुपारपाळीला तिच्याबरोबर तिथे गेलो. वडिलांनी कपाटातून एक वापरून टाकलेला थर्मोकपल काढून माझ्या हातात दिला. के टाइपचा. एक तार क्रोमेलची, दुसरी अ‍ॅल्युमेलची, टोकाला दोन्ही एकत्र जोडलेल्या. तारांवर ओवलेले चिनी मातीचे मणी काळे पडले होते. त्यांनी मल्टिमीटरची टोकं तारांना लावली, जोडाखाली लायटर धरला आणि आकडा चढू लागला. दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. भट्टी ९०० वर असली की ३७ मिलिव्होल्टच्या आसपास. हे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

"वीज तर होतेच, सर," ते म्हणाले. "पण एवढ्या विजेवर दिवासुद्धा लागायचा नाही. हिने त्यात करायचं काय?"

प्रश्न अगदी मुद्द्याला धरून होता. तारेच्या एका टोकाला उष्णता आणि दुसऱ्या टोकाला गारवा असेल तर विद्युतदाब तयार होतो, ही गोष्ट थॉमस सीबेकने १८२१ मध्ये नोंदवली. धातूच्या तारांत हा दाब फार थोडा असतो. चांगल्या अर्धवाहकात तो दर अंशाला दोनशे मायक्रोव्होल्टच्या घरात जातो, आणि तिथून या परिणामाला वीजनिर्मितीचं साधन म्हणता येऊ लागतं. १९७७ मध्ये सोडलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर चालतात. प्लुटोनियमची उष्णता, सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्या, हलणारा एकही भाग नाही.

पदार्थ किती चांगला, हे 'झेडटी' या आकड्यात सांगतात. सीबेक गुणांकाचा (म्हणजे दर अंशाला मिळणाऱ्या विद्युतदाबाचा) वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, आणि या सगळ्याला उष्णतावाहकतेने भागायचं. सगळी गोम या भागाकारात आहे. वीज सहज वाहिली पाहिजे आणि उष्णता अडली पाहिजे. निसर्गात ही जोडी सहसा जमत नाही, कारण तांब्यातून दोन्ही वाहतात आणि काचेत दोन्ही अडतात.

मी फळ्यावर तिच्या वडिलांच्या धुराड्याचा हिशेब मांडला होता. गरम बाजू ४०० अंश सेल्सिअस, गार बाजू पाण्याने ४० अंशांवर ठेवलेली. कार्नोच्या नियमाने जास्तीत जास्त ५३ टक्के उष्णतेचं काम होऊ शकतं. झेडटी सरासरी १ असेल तर त्यातून साधारण १२ टक्के वीज हाती लागते, ०.४ असेल तर ६ टक्क्यांच्या आत. ही झाली पदार्थाची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात सांधे, तारा आणि उष्णता आत घेणारी पाती यांत आणखी गळती होते. तरीही भट्टी चोवीस तास चालते आणि धुराडं काही वेगळं बिल लावत नाही. म्हणून ६ आणि १२ मधला फरक पदार्थशास्त्रज्ञाला झोपू देत नाही.

तीन अणूंची पेटी

आम्ही हाफ-हॉयस्लर नावाचं कुटुंब निवडलं. फ्रिट्झ हॉयस्लर या जर्मन अभियंत्याच्या १९०३ च्या कामावरून हे नाव पडलं. टिटॅनियम-निकेल-कथील आणि निओबियम-लोह-अँटिमनी ही यातली ओळखीची नावं. हे स्फटिक कणखर असतात, लालबुंद तापमानालाही टिकतात आणि त्यांना टेल्युरियम लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या बिस्मथ टेल्युराइडच्या चकत्या साधारण अडीचशे अंशांच्या पुढे कामाच्या राहत नाहीत, आणि टेल्युरियम मिळतं ते तांबं शुद्ध करताना उरलेल्या गाळातून, म्हणजे बेताचंच. या कुटुंबाचं वैगुण्यही सांगतो: त्यातून उष्णता फार सहज वाहते.

निवडीचं दुसरं कारण आमच्या खिशाचं होतं. पुण्याला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आठ कोअरचा एक संगणक आहे, त्याच्यावर एक टेबलफॅन. हाफ-हॉयस्लरच्या सर्वांत लहान पेटीत, म्हणजे जी पुन्हा पुन्हा मांडून स्फटिक बनतो तिच्यात, फक्त तीन अणू असतात. एवढं त्या संगणकाला झेपतं.

झेपतं हेसुद्धा मुळात नवल आहे. या तीन अणूंत ४१, २७ आणि ५१ मिळून ११९ इलेक्ट्रॉन आहेत. क्वांटम यांत्रिकी त्यांचं जे तरंगफल (सगळे इलेक्ट्रॉन मिळून कुठे असू शकतात ते सांगणारं गणिती फल) मागते ते ३५७ निर्देशांकांवर अवलंबून असतं, आणि ते जगातल्या कुठल्याच संगणकात मावणारं नाही. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं की तळऊर्जेसाठी, म्हणजे सर्वांत खालच्या ऊर्जेसाठी, तरंगफलाची गरजच नाही, कुठल्या बिंदूवर इलेक्ट्रॉनांची किती दाटी आहे एवढं कळलं तरी पुरतं. ही घनता फक्त तीन निर्देशांकांवर ठरते. १९६५ मध्ये कोन आणि शाम यांनी ती प्रत्यक्ष काढायची रीत दिली. वॉल्टर कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज 'क्वांटम एस्प्रेसो'सारखा प्रोग्राम कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, आणि सिडकोतली मुलगी घरच्या लॅपटॉपवर बसून इनपुट फाइल लिहू शकते. मला याचं अप्रूप अजून वाटतं.

या पायावर जगात मोठमोठ्या चाळण्या उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या बर्कलेचा 'मटेरियल्स प्रोजेक्ट' २०११ पासून लाखाहून जास्त पदार्थांची गणना सगळ्यांसाठी खुली ठेवतो. हाफ-हॉयस्लरपुरतं बोलायचं तर २०१४ मध्ये कारेते, मिंगो, कुर्तारोलो आणि सहकाऱ्यांनी ७९,०५७ कल्पित संयुगं चाळली आणि टिकाऊ म्हणून हाती राहिली ७५. पुढच्याच वर्षी झुंगर यांच्या गटाने अशीच ४०० न बनवलेली संयुगं तपासली. ५४ टिकतील असं गणित म्हणालं, त्यांतली १५ प्रयोगशाळेत करून पाहिली आणि ती पंधराच्या पंधरा बनली. मी वर्गात हे उदाहरण देतो तेव्हा मुलं सावरून बसतात.

पहिल्या फेरीतल्या चुका

दोन चुका मुद्दाम सांगतो, कारण नव्याने शिकणारा प्रत्येक जण त्या करतो.

पहिली चूक जागेची. या स्फटिकात तीन जागा असतात आणि त्यातली पाव-पाव-पाव अंतरावरची (पेटीच्या तिन्ही दिशांना पाव अंतर) जागा खास असते. तिथल्या अणूला चार शेजारी एका जातीचे आणि चार दुसऱ्या जातीचे मिळतात. ती जागा कोबाल्टची. तिने अणूंची यादी नावांच्या क्रमाने लिहिली आणि तिथे निओबियम बसला. प्रोग्रामने तक्रार केली नाही. त्याला सांगितलं ते त्याने इमानदारीने सोडवलं आणि उत्तर दिलं. पेटी फुगलेली आली तेव्हा तिला शंका आली. प्रयोगात या स्फटिकाच्या बारा अणूंच्या चौकोनी पेटीची बाजू ५.९ अँगस्ट्रॉमच्या (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) आसपास आहे. मग तिने तिन्ही मांडण्या चालवून पाहिल्या, आणि कोबाल्ट त्या जागी गेल्याबरोबर ऊर्जा घसरून तळाला आली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की तिन्ही मांडण्या चालवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी चूक जास्त खोल होती. संयुग टिकेल का हे पाहण्यासाठी तिने त्याच्या ऊर्जेतून सुट्या मूलद्रव्यांची ऊर्जा वजा केली. उत्तर ऋण आलं. यादीतल्या बहुतेक सगळ्यांचं ऋण आलं आणि ती खूश झाली. मी विचारलं, "हे संयुग मोडलं तर त्याची सुटी मूलद्रव्यंच होतील असं कुणी सांगितलं?" निओबियम आणि अँटिमनी आपापसात दुसरी संयुगं करतात, कोबाल्ट आणि अँटिमनीही करतात. तुलना त्या सगळ्या स्पर्धकांच्या सर्वांत स्वस्त मिश्रणाशी करायची असते. त्या मिश्रणाच्या ऊर्जेच्या रेषेवर जे बसतं ते टिकाऊ, आणि रेषेच्या वर थोडंसं असेल तर आशा धरायची. थोडंसं म्हणजे साधारण २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू, कारण खोलीच्या तापमानाची उष्ण हालचाल तेवढ्याच मापाची असते. नुसती ऋण निर्मिती-ऊर्जा दाखवून 'नवा पदार्थ सापडला' असं जाहीर करणारे निबंध मी अजूनही वाचतो. ते वाचून कुणी तरी भट्टी पेटवतो, महिने घालवतो आणि हाती भलतीच पूड येते. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

बाकी रोजचे त्रास होतेच. रात्रभर लावलेला रन पहाटे लाईट गेल्याने अर्ध्यावर पडायचा. दर टप्प्याला फाइल जतन करून पुढून सुरू करायची सवय तिला लागली ती त्यामुळे.

यानंतर चाळण तयार झाली. खुल्या माहितीकोशातून या रचनेची संयुगं घ्यायची, रेषेपासून फार वर असलेली काढायची, बँड गॅप शून्य असलेली काढायची आणि उरलेली आपल्या संगणकावर पुन्हा तपासायची. निओबियम-कोबाल्ट-अँटिमनी इथेच बाद झालं.

वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब

तिने आणलेला निबंध २०१५ च्या सुमाराचा होता. ७०० अंश सेल्सिअसला झेडटी ०.४. फार मोठा आकडा नाही, पण धातूकडून इतकं होत नाही. आमची गणना पुन्हा केली. के-बिंदूंची (इलेक्ट्रॉनांच्या लहरी जिथे तपासतात त्या बिंदूंची) जाळी दाट केली, गणनेत धरलेल्या लहरींच्या ऊर्जेची मर्यादा वाढवली. उत्तर तेच, फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरतात ती ऊर्जेची पातळी) फटीच्या वरच्या पट्ट्यात घुसलेली. म्हणजे आमच्या आकडेमोडीत खोट नव्हती आणि त्यांच्या मोजमापातही नव्हती. मग खोट कुठे होती?

मी तिला संगणक बंद करायला लावला आणि वही उघडायला सांगितली. बाहेरचे इलेक्ट्रॉन मोज म्हटलं. निओबियमचे ५, कोबाल्टचे ९, अँटिमनीचे ५. एकूण १९.

या कुटुंबात १८ हा आकडा फार मानाचा. अँटिमनीच्या बाहेरच्या चार कक्षा आणि कोबाल्टच्या पाच डी-कक्षा मिळून नऊ बंधकारी जागा तयार होतात, आणि प्रत्येकीत दोन इलेक्ट्रॉन धरले की १८. तेवढे भरले की वर मोकळी फट राहते, म्हणजे अर्धवाहक. एकोणिसाव्याला खाली जागाच नसते. तो फटीच्या पलीकडे, बंध कमकुवत करणाऱ्या वरच्या पातळीत जाऊन बसतो. स्फटिकाला तो परवडत नाही.

"मग स्फटिक त्याला काढून टाकू शकतो का?" ती म्हणाली.

हा प्रश्न तिचा, माझा नव्हे. ही नोंद मला इथे करायचीच आहे.

एकटा इलेक्ट्रॉन काढता येत नाही, पण आख्खा अणू गाळता येतो. निओबियमचा एक अणू जागेवर नसेल तर त्याचे पाच इलेक्ट्रॉनही नसतात. एका पेटीमागे एक इलेक्ट्रॉन जास्त आहे, तर पाच पेट्यांमागे पाच. म्हणजे दर पाच निओबियममागे एक जागा रिकामी ठेवली की हिशेब मिटतो. तिने लिहिलं: ०.८ गुणिले ५ म्हणजे ४, अधिक ९, अधिक ५. बरोबर १८. पेन खाली ठेवून ती थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "मामाकडे थिनिंग करतात तसंच की हे." मामाची निफाडकडे द्राक्षबाग आहे. घडातले मणी विरळ केले नाहीत तर एकही नीट फुगत नाही, म्हणून फेब्रुवारीत चांगली द्राक्षं खायला मिळावीत यासाठी आधी हाताने मणी काढून टाकायचे. नाशिकच्या पोरीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

हे आम्हीच पहिल्यांदा शोधलं असा दावा नाही. साहित्य चाळल्यावर दिसलं की २०१७ मध्ये झायर, वोल्व्हर्टन, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी हाच उलगडा केला होता. समसमान मिसळून बनवलेल्या नमुन्यात मुख्य स्फटिक प्रत्यक्षात निओबियम ०.८४ चा असतो आणि जास्तीचं निओबियम दुसऱ्या अशुद्ध रूपांत बाजूला पडतं. भट्टीने आपला हिशेब आपणच दुरुस्त केला होता. लोक बाटलीवर १:१:१ लिहीत राहिले आणि माहितीकोशात १:१:१ चीच गणना बसली. २०१८ मध्ये या रिकाम्या जागांचं प्रमाण नीट जुळवून केलेल्या नमुन्यांनी ८५० अंशांच्या आसपास ०.९ पर्यंत मजल मारली. आपण शोधलेलं आधीच कुणी शोधलंय हे कळल्यावर मुलं हिरमुसतात. ती हिरमुसली नाही. वहीतला आकडा जर्मनी-अमेरिकेतल्या क्ष-किरण मोजणीशी जवळपास जुळतो, याचाच तिला जास्त आनंद झाला.

आठाच्या पेटीत पाचवा हिस्सा

आता हे संगणकावर दाखवायचं होतं, आणि इथे एक गमतीदार पेच आला. मोठी पेटी करताना सगळे सवयीने प्रत्येक दिशेला दोन-दोन घेतात, म्हणजे आठ एकक. आठात एक निओबियम काढला तर ०.८७५ उरतो आणि इलेक्ट्रॉन पडतात १८.३७५. दोन काढले तर ०.७५, इलेक्ट्रॉन १७.७५. दोन्हीकडे हुकतं आणि दोन्ही उत्तरं पुन्हा धातूच! कुणी घाईत हेच दोन रन लावले असते तर 'रिकाम्या जागांनीही काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. आठातून पाचवा हिस्सा निघत नाही, एवढंच त्याचं कारण.

पेटी पाचाच्या पटीतच हवी. पाच एककं, एक निओबियम कमी, एकूण १४ अणू. आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण अशा गणनेचा वेळ अणूंच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. तीनावरून चौदावर गेलं की शंभरपट. शिवाय तिरप्या पेटीत सममिती निघून जाते, त्यामुळे के-बिंदूही जास्त मोजावे लागतात. मिनिटांत होणारं काम दिवसांवर गेलं. टेबलफॅन रात्रंदिवस चालू राहिला.

फट उघडली. आलेख तिने मला फोनवर पाठवला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि खाली फक्त "सर उघडली" एवढंच लिहिलं होतं.

पुढे २० एककांची, ५६ अणूंची पेटी घेऊन चार रिकाम्या जागा वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडल्या. शेजारी-शेजारी ठेवल्या तर ऊर्जा चढते, लांब-लांब ठेवल्या तर उतरते. प्रयोगातही हेच दिसलेलं आहे, की या रिकाम्या जागा सैरावैरा नसतात, एकमेकींपासून फटकून राहतात. ही मोठी पेटी आम्हाला पुरती झेपली नाही. तीनच मांडण्या पूर्ण झाल्या आणि अहवालात तसंच लिहिलं.

स्पर्धकांच्या रेषेवरही चित्र पालटलं. पूर्ण भरलेला स्फटिक रेषेच्या वर राहतो आणि विरळ केलेला खाली उतरतो. अणू काढताना बंध तुटतात, त्याची किंमत पडते. पण वरच्या पातळीत अडकलेले पाच इलेक्ट्रॉन गेल्याने होणारी बचत त्याहून मोठी ठरते.

आणि उष्णतेचं काय? या कुटुंबाचं मूळ दुखणं तेच. जाळीतून उष्णता वाहते ती अणूंच्या लहरींनी, आणि पाचातली एक जागा रिकामी असेल तर त्या लहरी जागोजाग विखुरतात. म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हिशेब मिटवायला ठेवलेली रिकामी जागा भागाकारातला खालचा आकडाही कमी करते. एका दगडात दोन पक्षी पदार्थशास्त्रात क्वचित मिळतात.

जो आकडा आम्ही लिहिला नाही

अहवालात झेडटी नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत आधी तेच विचारलं.

तो काढायची सोपी वाट आहे. २००६ पासून उपलब्ध असलेला बोल्टझट्रॅप हा प्रोग्राम पट्ट्यांच्या आकारावरून सीबेक गुणांक देतो आणि तो बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. विद्युतवाहकता मात्र तो इलेक्ट्रॉनच्या दोन टकरांमधल्या वेळेच्या पटीत देतो. ती वेळ किती हे त्याला माहीत नसतं. मग लोक १० चा उणे १४ वा घात सेकंद असा एक ठरीव आकडा घालतात, प्रत्येक पदार्थाला तोच आणि प्रत्येक तापमानाला तोच. काही जण जाळीची उष्णतावाहकता सोडूनच देतात आणि झेडटी १ च्या जवळ दाखवतात. इलेक्ट्रॉनांची उष्णता तेवढी धरली की आकडा आपोआप १ कडे सरकतो, त्यात पदार्थाचं कर्तृत्व काही नसतं. ज्या कुटुंबात जाळीची उष्णताच मुख्य अडचण आहे, तिथे ती वगळून काढलेला झेडटी वाचकाची दिशाभूल करतो. आमच्या संगणकाच्या ताकदीत जाळीची उष्णतावाहकता नीट काढणं बसत नव्हतं, म्हणून आम्ही आकडा दिला नाही. तिने हे परीक्षकांना शांतपणे सांगितलं. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

वडिलांना मात्र उत्तर द्यायचं होतं. त्यांना मी सरळ सांगितलं की हा पदार्थ उद्या तुमच्या धुराड्यावर बसणार नाही. निओबियमचा बहुतेक पुरवठा एकट्या ब्राझीलमधून होतो, कोबाल्टचा मोठा वाटा काँगोतून येतो, आणि अँटिमनीच्या निर्यातीवर चीनने २०२४ मध्ये निर्बंध घातले. शिवाय पदार्थ चांगला असला तरी ८०० अंशांना त्याला धातूची पट्टी चिकटवायची आणि वर्षानुवर्षं गरम-गार होताना ती सुटू द्यायची नाही, हे वेगळंच काम आहे. ते नीट ऐकत होते. म्हणाले, "थर्मोकपलचंही तसंच आहे, सर. तार टिकते, जोड जातो."

आता तीच फाइल

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकांची आणि त्यातल्या सुमारे ३ लाख ८० हजार टिकाऊ स्फटिकांची यादी जाहीर केली. त्याच वेळी बर्कलेच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ संयुगं बनवल्याचं सांगितलं. २०२४ मध्ये शूप, पाल्ग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी त्या ४१ चं परीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांचा एक मुख्य आक्षेप असा, की गणना अणूंना शिस्तीत बसवते आणि खरी भट्टी त्यांची सरमिसळ करते, त्यामुळे 'नवं' म्हणून मोजलेलं बरंचसं जुन्याच पदार्थांचं सरमिसळ रूप होतं. आमच्या तीन अणूंच्या पेटीतली गोष्ट त्याचीच दुसरी बाजू आहे. तिथे शिस्तीच्या गृहीतकाने नसलेलं नवेपण दिसलं, इथे असलेला गुण झाकला गेला. यंत्र कितीही मोठं असलं तरी त्याला दिलेली पेटी कुणी तरी भरलेली असते, आणि पूर्ण भरलेली असते.

यंदा दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी 'नापास' फाइलवरच काम करत आहेत. तिच्यातली १९ इलेक्ट्रॉनवाली संयुगं वेगळी काढून ती किती विरळ केली की १८ वर येतात, हे आधी वहीवर मांडायचं आणि मगच रन लावायचा. टिटॅनियम-निकेल-अँटिमनीपासून सुरुवात केली आहे. टिटॅनियमचे चार, निकेलचे दहा, अँटिमनीचे पाच. एक अणू गेला की चार इलेक्ट्रॉन जातात, म्हणजे चारातली एक जागा रिकामी. इथे पाचाची तिरपी पेटी लागत नाही, नेहमीची बारा अणूंची चौकोनी पेटी घेतली आणि तिच्यातून एक टिटॅनियम काढला की झालं. पहिला रन सोमवारी लावला. जागांच्या तिन्ही मांडण्या त्यांनी आधी तपासून घेतल्या आहेत.